जाळीवरचा गणपती

दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी श्रावणात फोन करतात आणि म्हणतात, "अण्णा, तुमच्या दुकानातला एखादा किस्सा द्या." मी दरवर्षी देतो. एका वर्षी आंबा बागायतदारांचा दिला. त्यांनी कॉम्प्युटर हापूसच्या आढीशेजारी ठेवला होता. पंख्याने पेंढा ओढून घेतला आणि मशीन उघडलं तर आतून पिकल्या आंब्याचा वास आला. एका वर्षी जयगडच्या गृहस्थांचा दिला. त्यांचा वायफाय कायम मंद. मी जाऊन बघतो तर अर्धी वाडी त्यांच्याच वायफायवर सिनेमे बघत होती. पासवर्ड होता त्यांच्या कुत्र्याचं नाव, आणि कुत्रा उनाड असल्यामुळे ते दिवसातून वीस वेळा अंगणात उभे राहून तो पासवर्ड मोठ्याने ओरडत असत.

हे किस्से लोकांना आवडतात. पण खरं सांगायचं तर ते मी पुढे करायचो ते मागचा एक झाकण्यासाठी. पालीच्या आबांचा किस्सा मी बारा वर्षं कुणाला सांगितलेला नाही. बायकोला सांगितला, तर ती म्हणाली, "मला काय सांगताय? त्यांना जाऊन सांगा." ते जमलं नाही. आता वय त्र्याहत्तर आहे, दुकान बंद केलं आहे, आणि उजव्या हाताला कंप आहे, त्यामुळे स्क्रू पकडता येत नाही. पेन अजून पकडता येतं.

मी मूळचा रेडिओ-टीव्हीवाला. पुढे टीव्ही बिघडेनासे झाले, म्हणून कॉम्प्युटर जोडायला शिकलो. सुटे भाग मुंबईहून आणायचे, इथे जोडायचे आणि गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन बसवायचे. रत्नागिरी आणि आसपासच्या गावांत मी जोडलेली मशीन बरीच होती. ती कशी ओळखायची? माझी खूण होती. मी गणपतीची गोल स्टिकरं छापून घेतली होती, भाकरीच्या तव्यापेक्षा जरा लहान. मशीन बसवून झालं की नारळ फोडायचा, कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तो गणपती चिकटवायचा आणि म्हणायचं, "आता ह्याला काही होणार नाही." पत्र्यावर त्यासाठी जागाही जणू मुद्दाम केलेली असे. एक गोल जाळी असायची, बरोबर स्टिकरच्या मापाची. नुसती भोकं वाईट दिसायची. बाप्पा बसला की शोभा यायची.

शहाण्या वाचकाच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला कित्येक वर्षं गेली.

आता थोडं धंद्यातलं सांगतो, कारण त्याशिवाय माझा गुन्हा समजणार नाही. व्हिडिओ म्हणजे एका सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं. ती फाइलमध्ये घट्ट दाबून बसवलेली असतात. मशीनच्या प्रोसेसरला ती एकेक सोडवून पडद्यावर वाढावी लागतात. पंगतीत वाढप्याने पुढचा भात येण्याआधी मागच्या पानावर वरण घालायचं, तसं ते काम. साधा व्हिडिओ म्हणजे घरची दहा पानं. एचडी म्हणजे लग्नाची पंगत. नव्या मशीनमध्ये मदतीला ग्राफिक्सचं वेगळं कार्ड असतं, जुन्या मशीनमध्ये एकटा वाढपी. तो दमला की चित्र अडकतं, आवाज मात्र पुढे जात राहतो. गाणारा ओठ मिटून उभा आणि गाणं चालूच, असा प्रकार. पडद्यावर चकली फिरत असेल तर दोष इंटरनेटचा. चकली न फिरता चित्र अडखळत असेल तर दोष मशीनचा. एवढं लक्षात ठेवलं तर तुमच्या मेकॅनिककडच्या अर्ध्या फेऱ्या वाचतील.

आबा हे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. राहणार आमच्या रत्नागिरीतल्या पालीजवळच्या एका वाडीत. उभी हयात आंबा घाटातून गाड्या नेल्या-आणल्या आणि एकदाही कुणाला खरचटलं नाही, असा त्यांचा लौकिक. पाली स्टॅंडवर ते नुसते उभे राहिले तरी चालू गाडीतले ड्रायव्हर हात वर करून जायचे. गावात दोन भावांचं बांधावरून वाजलं तर आबांना बोलवायचे, कारण आबा कुणाची बाजू घेत नाहीत, असं सगळ्यांचं मत. गणपतीत वाडीच्या जाखडीला ढोलकी त्यांचीच. नाचणारी पोरं बदलली, गाणारे बदलले, ढोलकी बदलली नाही. माणूस अबोल. एका वाक्यात काम होत असेल तर दुसरं बोलायचे नाहीत.

त्यांच्या मुलाने, प्रकाशने, मुंबईहून पैसे पाठवून माझ्याकडून कॉम्प्युटर घेतला होता. तीन-चार वर्षं नीट चालला. मग एके दिवशी आबा स्वतः कॅबिनेट टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून दुकानात आले.

"अण्णा, विडियो अडाकतो."

"कुठला व्हिडिओ?"

"ते एचडी का काय असतां ते. सात-आठ मिन्टां बरा चालतो, मग ऐन वळणावर थांबतो."

"कसल्या वळणावर?"

आबा लाजले. साडेसहा फुटी ड्रायव्हर, मिशा पांढऱ्या, आणि चक्क लाजले. "नाय, म्हंजे… मधीच. तुमी बगा."

मी पत्रा काढून बाजूला ठेवला, धूळ उडवली, दुकानातल्या पडद्याला जोडून एक एचडी व्हिडिओ लावला. तासभर लोण्यासारखा चालला. "काही झालेलं नाही आबा," म्हटलं. पत्रा लावून दिला. पंधरा दिवसांनी आबा परत आले, मांडीवर तेच बाळ. मी पुन्हा पत्रा काढला. पुन्हा तासभर लोणी. डॉक्टरच्या दारात पोचलं की ताप उतरतो ना, तसं. मी म्हटलं, "आबा, तुमच्या घरच्या विजेचा काही दोष असेल." खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. मेकॅनिकला समजलं नाही की वीज, उंदीर आणि दमट हवा हे तिघं कायम हाताशी असतात.

त्या वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी प्रकाशचा फोन आला. सगळी मुंबईकर मंडळी घरी आली आहेत, नातीच्या नाचाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवायचा आहे आणि तो अडकतोय. "अण्णा, तुमीच या. बाबांना विचारलं तर ते गप."

मी स्कूटर काढून गेलो. घरात तीसेक माणसं. आबांची खोली माजघराच्या मागे, त्यात कॉम्प्युटर, आणि त्या खोलीत बसेल तेवढी माणसं बसलेली, उरलेली दारात आणि खिडकीबाहेर. काकी, म्हणजे आबांची बायको, उकडीचे मोदक पुढे ठेवून म्हणाल्या, "आदी खावा, मग त्याला बगा." आबा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे.

व्हिडिओ लावला. पोर छान नाचत होती. सात मिनिटं झाली आणि तिचा एक पाय वर गेला तो खाली येईना. पैंजणांचा आवाज मात्र चालू.

मी कामाला लागलो. मागे चालणारे बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. व्हिडिओ चालवायचं दुसरं सॉफ्टवेअर टाकलं. पेनड्राइव्हवरून ग्राफिक्स चालवणारं नवं सॉफ्टवेअर, त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात, ते घातलं. वीज वाचवायची सोय बंद करून मशीनला पूर्ण जोर दिला. दर वेळी सात मिनिटं, पाय वर, पैंजण चालू. मुंबईकर सल्ले देत होते. "रॅम वाढवा." "विंडोज बदला." ठाण्याचे जावई म्हणाले, "आमच्याकडे असं होत नाही." आणि एक आजी खिडकीतून विचारत होती, "पोरगीचा पाय कदी खाली येनार रे?"

 तीस माणसं, पंधरा वर्षांचं नाव, पोटात पाच मोदक, आणि मला काहीएक कळत नाही. प्रकाशने सरळ विचारलं, "अण्णा, नक्की झालंय काय?"

मला माहीत नाही, एवढंच बोलायचं होतं. तीन शब्द. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. निघालं ते हे: "व्हायरस आहे. कुणीतरी नको त्या साइटवर जाऊन नको ते बघितलेलं दिसतंय."

हे वाक्य आमच्या धंद्यात सर्रास चालतं. दुकानात ते निरुपद्रवी असतं. गिऱ्हाईक मनात कुणावर तरी संशय घेतं आणि निमूट मशीन ठेवून जातं. पण दुकानात तीस माणसं नसतात.

 मग काकी हळू बोलल्या, स्वतःशीच बोलावं तशा, "म्हनून आतनं कडी लावून बसतात."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. समोरून चुकीच्या बाजूने येणाऱ्या गाडीकडे ड्रायव्हर बघतो तसं, म्हणजे आता हा काय करतो ते बघू, असं. मी खाली बघून वायरी काढायला लागलो. सूनबाईंनी पोरांना बाहेर नेलं. ठाण्याचे जावई पुन्हा म्हणाले, "आमच्याकडे असं होत नाही." ह्या वेळी त्याला वेगळा अर्थ आला.

मशीन दुकानात आणलं. सगळं पुसून नव्याने भरायचं, म्हणजे फॉरमॅट मारायचं, हा आमचा रामबाण. पुसण्याआधी कामाचं काही राहू नये म्हणून मी बघून घेतो. आबा काय काय बघत होते त्याची यादी तिथे होतीच. मान्य करतो, जरा उत्सुकतेनेच उघडली.

रस्ते. नुसते रस्ते. नॉर्वेतला घाट, ड्रायव्हरच्या सीटवरून. स्वित्झर्लंडचा घाट, बसच्या काचेतून. लडाख. पेरू. बर्फातला रस्ता, पावसातला रस्ता, समुद्राकडेचा रस्ता. एक तर आपला रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचाच होता, कुणी हौशाने गाडीतून काढलेला, तो आबांनी अकरा वेळा बघितला होता. शेकडो वळणं. ऐन वळणावर थांबतो, म्हणाले होते.

म्हणजे त्या क्षणापासून मला माहीत होतं. माझ्या चुकीला मी अज्ञान म्हणत आलो, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजेपर्यंतच खरं आहे. त्यानंतर जे केलं ते जाणूनबुजून. मी यादी पुसली, मशीन नवं भरलं, नेऊन दिलं आणि काकींनी "झाला ना साफ?" असं विचारल्यावर "झालं" म्हणालो. तोंड उघडायला तिथे जागा होती. दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. पण मग त्यांनी विचारलं असतं, "मग बिघाड कसला होता?" आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपलं अडाणीपण झाकायला मी दुसऱ्याची अब्रू पांघरून बसलो.

काकींनी कॉम्प्युटर उचलून पडवीत ठेवला. पडदा रस्त्याकडे तोंड करून. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

वाडीत बातमी पोचायला आरती व्हायचाही वेळ लागला नाही. त्याच गणपतीत शेजारच्या गावाबरोबर जाखडीचा सामना होता. ज्यांनी बघितला नसेल त्यांना सांगतो, ह्यात दोन मेळे एकमेकांना गाण्यातून टोमणे मारतात, आणि जो झोंबेल तो जिंकतो. समोरच्या मेळ्याने उभ्या उभ्या रचलं:

पालीचा डायवर, आतून कडी
बगतोय कुनाची चोरून गाडी?

लोक हसून लोळले. ढोलकीवर आबा होते. मला सांगणारा म्हणाला, "अण्णा, माणूस दगडाचा. येक ताल चुकला नाय. पुरा सामना वाजवला." मग घरी जाऊन त्यांनी ढोलकी खुंटीला लावली. ती परत उतरवली नाही. पुढल्या वर्षी पोरं बोलवायला आली, तर म्हणाले, "हात दुखतात." बांधाच्या भांडणांनाही हळूहळू बोलावणं येईनासं झालं.

गाण्यातली गंमत बघा. त्यांनी चेष्टेत जे म्हटलं, तेच खरं होतं. आबा चोरून गाडीच बघत होते.

आणि मशीन? ते अर्थातच सुधारलं नाही. दोन आठवड्यांनी काकींचा फोन, "अण्णा, परत अडाकतांय. ह्यांनी परत सुरू केलांन वाटतां." त्यानंतर प्रत्येक वेळी चित्र अडखळलं की काकी आबांकडे बघायच्या. दुसऱ्यांच्या घरी बिघडलेला कॉम्प्युटर नुसता बिघडलेला असतो. आबांच्या घरी तो साक्षीदार झाला.

खरा उलगडा झाला तो शहरातच, एका शिक्षिकाबाईंच्या घरी, दिवाळीनंतर. त्यांचीही तीच तक्रार, त्याच सात-आठ मिनिटांची. मी गेलो तर त्यांच्या सासूबाई कॅबिनेटपुढे पाट मांडून बसलेल्या. गणपतीच्या स्टिकरपुढे दूर्वा, जास्वंद, गूळ-खोबरं.

"हे काय?" मी बाईंना विचारलं.

"अहो, सासूबाई म्हणतात देव जागृत आहे. हात लावून बघा."

मी बाप्पाच्या पोटावर हात ठेवला आणि चटका बसला.

"सिनेमा लावला की तापतो," सासूबाई म्हणाल्या. "त्याला आवडत नाहीत हो हे सिनेमे. मी भजन लावून बघितलं, त्यालाही तापला. मग म्हटलं, असेल. भजन म्हणणारा बेसूरच होता."

स्टिकरच्या कडा करपून तपकिरी झाल्या होत्या. सोंडेशी फुगवटा आला होता. मी तिथेच जमिनीवर बसलो. सासूबाईंना वाटलं मला दर्शन झालं. एका अर्थी झालंच.

ती गोल जाळी शोभेची नसते. तिच्या मागे प्रोसेसरचा पंखा असतो. त्या जाळीतून तो बाहेरची गार हवा घेतो. मी तिच्यावर देव बसवला होता. पत्र लिहिताना, हिशेब करताना प्रोसेसर तापत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही. वरून धूळ साचली, आणि व्हिडिओ एचडी झाले. पंगत वाढली, वाढप्याला वारा नाही. फार तापला की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच हळू होतो, आणि चित्र अडकतं. दुकानात मी पहिलं काम काय करायचो? पत्रा काढायचो. म्हणजे देवासकट बिघाड काढून बाजूला ठेवायचो आणि मग बिघाड शोधायचो.

आणि गिऱ्हाइकांपैकी एकाने तरी ते स्टिकर काढावं? देवाची तसबीर कोण उपटणार?

पुढचे दोन महिने मी फुकट सर्व्हिसिंगच्या नावाखाली घरोघर फिरलो. बायकोचं केस वाळवायचं यंत्र पिशवीत. त्याची गरम हवा मारून स्टिकर अलगद सोडवायचं, मनात क्षमा मागायची आणि समोरच्या बाजूला नवं लहान चिकटवायचं. लोक विचारायचे. मी सांगायचो, "देवाचं तोंड भिंतीकडे येतं, ते बरं नव्हे." सगळ्यांना पटलं. खरं कारण पटवायला मला फार बोलावं लागलं असतं. शिक्षिकाबाईंच्या सासूबाई मात्र पुढे वर्षभर माझ्यावर नाराज होत्या. माझ्यामुळे त्यांचा देव गार पडला.

पालीला सगळ्यांत शेवटी गेलो. कारण तिथे नुसतं स्टिकर काढून भागणार नव्हतं. जाताना स्कूटरवर वाक्य पाठ केलं होतं: "काकी, व्हायरस नव्हता, आबांचा काही दोष नव्हता, चूक माझी." हातखंब्यापर्यंत चांगलं पाठ होतं.

पडवीत बसून मी काम केलं. आबा समोरच्या बाकावर. नातीचा व्हिडिओ लावला. सात मिनिटं गेली. आठ, दहा. पोरीचा पाय वर गेला आणि खाली आला. अख्खा नाच झाला. काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुधारले वो हे! महिना झाला, काय वाईट बगितला नाय त्यांनी. मशीनसुदा सुधारला. मी सोमवार धरले व्हते."

आता काय बोलायचं? बाईने उपास करून नवरा परत मिळवला होता. त्या आनंदाने चहा टाकायला आत गेल्या.

पडवीत आबा आणि मी दोघंच. त्यांनी जुनं स्टिकर उचललं, उलटं केलं, करपलेली कड अंगठ्याने चाचपली. मग जाळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अण्णा, आंबा घाट चढताना गाडी तापली की आमी बॉनेट उघडायचो. तुमी दुकानात काय उघडायचात?"

त्यांना कळलं होतं. ज्याने उभा जन्म रेडिएटर सांभाळला त्याला कळणारच. दाराला कडी नव्हती, रागवायला कुणी नव्हतं, आणि त्यांनी स्वतः वाट करून दिली होती. मी म्हणालो, "तसं नाही आबा. कॉम्प्युटरचं तंत्र वेगळं असतं."

"आसेल," आबा म्हणाले. स्टिकर त्यांनी नीट, घडी न घालता, काकींच्या देव्हाऱ्याजवळ नेऊन ठेवलं.

ह्या एका उत्तराची मला व्हायरसपेक्षा जास्त लाज वाटते. पहिलं घाबरून निघालं होतं. हे शांतपणे, चहाची वाट बघत असताना बोललो.

त्यानंतर मी तीनदा माफी मागायला गेलो. एकदा आबा झोपले होते आणि काकींनी मला त्यांच्या सुधारण्याची हकिगत पहिल्यापासून ऐकवली. एकदा पत्र लिहून नेलं. आबांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता, ते म्हणाले, "तुमीच वाचून दाखवा." काकी समोर. मी कोरा कागद असल्यासारखा तो उलटसुलट केला आणि मशीनची वॉरंटी संपल्याचं वाचून दाखवलं. वॉरंटी संपून सात वर्षं झाली होती. आबा गंभीरपणे म्हणाले, "कळवलात ता बरा केलात."

तिसऱ्या वेळी गेलो ते दोन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात. लांबूनच बघितलं. पडवीत आबा खुर्चीवर ताठ बसले होते. मांडीवर भाकरीची परात, तिच्या कडा दोन्ही हातांत. पायांखाली दोन पाट. पडद्यावर नॉर्वेचा घाट. वळण आलं की परात वळायची, उतार आला की उजवा पाय पाटावर दाबला जायचा. ह्यासाठी कडी होती. सत्तरीतला माणूस परात घेऊन गाडी चालवतो, हे लोकांना दिसू नये म्हणून. आता लपवायला काही उरलं नव्हतं. मागच्या बाकावर वाडीतले दोन म्हातारे चक्क प्रवासी म्हणून बसले होते. एक झोपला होता, एसटीत झोपतात तसा.

काकी दारातून कौतुकाने म्हणाल्या, "बगा अण्णा, आता चांगलाच बगतात. पयलां काय बगायचे, देवाला म्हायत."

म्हणजे सगळं डोळ्यांसमोर असूनही डाग होता तिथेच होता. मी आबांच्या डावीकडे स्टुलावर बसलो. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. एक अडखळ नाही. खाली खोल दरी, पलीकडे बर्फ, आणि पालीच्या उन्हात आबांच्या कपाळावर घाम. मी ठरवलं, आत्ता. काकींसमोर, म्हाताऱ्यांसमोर, काय व्हायचं ते होवो.

"आबा, मला एक सांगायचंय. त्या गणपतीत मी जे…"

आबांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. परात डावीकडे वळवत म्हणाले, "अण्णा, चालू गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये."

मागचा म्हातारा फस्सकन हसला. मीही हसलो. आबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. त्यांनी मला माफ केलं होतं, की मला तसंच बसवून ठेवायची शिक्षा दिली होती, हे मला आजही सांगता येत नाही. मी घाट संपायची वाट बघितली. व्हिडिओ चार तासांचा होता. माझी पाच वाजता शहरात एक भेट ठरलेली होती. म्हटलं, पुढच्या वेळी.

त्या पावसाळ्यात आबा गेले. मी तेराव्याला गेलो. पडवीत कॉम्प्युटर झाकून ठेवला होता आणि माजघरात खुंटीवर ढोलकी तशीच होती. काकी म्हणाल्या, "शेवटी शेवटी किती सुधारले व्हते, नाय?" मी मान हलवली.

हा अंक मी प्रकाशच्या पत्त्यावर पाठवणार आहे आणि काकींना वाचून दाखव म्हणून वर चिठ्ठी लावणार आहे. ह्या वेळी वॉरंटीची नाही. काकी, तुमचे सोमवार वाया गेले असं मी म्हणणार नाही, पण ज्यासाठी धरलेत ते कधी घडलंच नव्हतं. ते कडी लावून घाट चढत होते. आणि ज्या मेळ्याने ते गाणं रचलं त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर येत्या गणपतीत माझ्यावर एक रचा. यमकाला स्टिकर घ्या.

आबा, गाडी आता उभी आहे, म्हणून बोलतो. व्हायरस नव्हता. जाळीवर गणपती मी लावला होता. दुकानात मी बॉनेट उघडत होतो. माझं चुकलं.